काळे कलदार

४ जानेवारी

ही डायरी कृषी केंद्रवाल्यानं फुकट दिली. वर खताचा पोता छापला आहे. माह्याजवळ शेत नाई, बाजारात बांगड्याचं दुकान लावते मी, तरी दिली. हिशोब मी तोंडीच ठेवते, त्याच्यासाठी डायरी नाई लागत. पण हे वारले तेव्हापासून घरात बोलाले कोणी नाई. म्हून लिहून राह्यली. चौथीपर्यंत शिकली मी, मग मायनं मोहाची फुलं वेचाले लावलं. अक्षर वाकडं आहे. कोणाले दाखवायचं नाई, राहू दे वाकडं.

नवीन धंदा सुरू करायचा आहे मले. दिवाळीले गुणवंतराव भाऊजी आले होते ताईले घेऊन. धुरपताताई माही मोठी बहीण, भाऊजी तिचा मालक. ऊर्जानगरले पॉवर हाऊसच्या स्टोअरमध्ये आहे, क्वार्टर आहे तिथीच. लक्ष्मीपूजनाले मी सासूचे कलदार, इंग्रजाच्या वेळचे चांदीचे रुपये, मांडले होते. चिंच अन् राख लावून घासले होते, तोंड दिसे त्याच्यात. आमच्याकडे सगळेच घासतात. काळी चांदी लक्ष्मीपुढं कोण ठेवते?

भाऊजीनं एकेक कलदार उचलून पाह्यला. मग ताईकडे पाहून हसले. मले म्हणाले, नूतन, अहेरीच्या बाजारात जंगलातल्या साऱ्या बाया तुझ्यापुढे हात करून बसतात. त्यांच्या घरी हे राणी छाप, राजा छाप पडून आहेत. चांदी वर चालली, लोक विकायला काढताहेत. शौकीन लोक नुसत्या चांदीपेक्षा जास्त देतात, नाणं चांगलं असलं तर. चांगलं कोणतं ते मी शिकवतो. तू गोळा कर.

मले आजपर्यंत कोणी बसवून काही शिकवलं नाई. बांगडी भरणंसुद्धा मी पाहून पाहूनच शिकली, चार बायांचे मनगट खरचटून. तर मी हो म्हटलं.

१३ जानेवारी

पहिल्या गाडीनं चंद्रपूर, तिथून ऑटोनं ऊर्जानगर. भाऊजीनं खिडकीजवळ टेबल लावून ठेवला होता, वर काळं कापड.

काय काय सांगतलं ते लिहून ठेवते. नाणं कडेनं धरायचं. राणीच्या तोंडावर अंगठा ठेवायचा नाई, बोटाचा घाम चांदीले लागते. नाण्यावरचं जे उंच ते पहिले झिजते. म्हून आधी राणीचा गाल पाहायचा, मग कानावरचे केस, मग मुकुटाचे मणी. बोडक्या राजाले मुकुटच नाई, त्याचा कान अन् दाढी पाहायची. दुसऱ्या राजाच्या छातीवर कपड्यावर हत्ती आहे, त्याची सोंड शोधायची. सन शेवटी पाहायचा. मी आधी सनच पाहत होती, तर भाऊजीनं हातावर चापट मारली. वय नंतर, तब्येत आधी, म्हणाले.

चार ढीग करायचे. केस बिलकुल गेले तर गुळगुळीत. केसाच्या मोठ्या मोठ्या लटा दिसल्या तर चालता. बारीक केस दिसले तर भरीव. अन् टांकसाळीतून काल निघाल्यासारखा दिसला तर कोरा. कोरा दिसतच नाई कुठी, भाऊजी म्हणाले.

मी विचारलं, अन् काळे पडले ते? ते पहिल्यांदा थांबले. मग म्हणाले, "काळे म्हणजे जळके. धुरानं, ओलीनं चांदी मरते. ते घासत पण बसू नको, मेहनत वाया. जसे भेटले तसे मला आणून दे, मी भंगारात घालतो. तू चकचकीत सांभाळ."

मले बरं वाटलं. घाणीचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं.

ताई सैपाकघरातून बाहेर आलीच नाई. मी आत गेली तर म्हणते, तुले काऊन पाह्यजे हे सोंग? बांगड्या काय वाईट आहे? लहानपणापासून तिचं हेच आहे. मले नवीन फ्रॉक आला तरी तिचं तोंड उतरे. मी म्हटलं, मी चार पैसे कमावले तर तुह्या पोटात काऊन दुखते? तिनं पोळी तव्यावर जाळली.

१ फेब्रुवारी

आज बाजारात मजा आली. इतवारीबुढा आला होता, धोतराच्या गाठीत एक राणी छाप घेऊन. मी भाऊजीनं दिलेलं भिंग काढलं. भिंग पाहूनच चार जण जमा झाले. मी म्हटलं, बाबा, राणीचा गाल सपाट झाला, केसही गेले, हा गुळगुळीत आहे. बुढा म्हणते, तुह्या गालाचं पाह्य आधी. सारे हसले. मी म्हटलं, माह्या गालाचा भाव नाई विचारला तुम्ही, राणीचा विचारला. मग त्यानं चुपचाप दिला.

माह्या बाजूले सोनीबाई बसते, डिंक अन् चारोळी घेऊन. जंगलातल्या एका टोल्यावरची, म्हणजे छोट्या वस्तीवरची आहे, गोंडाची. सात-आठ वर्षांपासून आमचे पाल शेजारी. माह्या दुकानावर तिचं लक्ष, तिच्या डिंकावर माहं. ती सहसा हसत नाई, आज तोंडाले पदर लावून हसली. संध्याकाळी निघताना म्हणते, नूतनबाई, तुले आता नाणं पण कळाले लागलं. मी म्हटलं, कळतेच.

खरंच कळते. डोळे झाकून नखानं कडेचे कंगोरे मोजल्यासारखे करते तरी समजते किती झिजला. दगडावर वाजवला का खोटा आपोआप बोलते.

१९ फेब्रुवारी

एक गोष्ट समजली नाई म्हून लिहून ठेवते. काल एका बाईनं दोन कलदार आणले, काळेशार, कडेले निळं-जांभळं, मोराच्या मानेसारखं. मी वेगळे टाकले. पण ऊन तिरपं होतं, तर नाणं हलवलं तेव्हा काळ्याच्या खालून उजेड फिरला. गाडीच्या चाकाचे आरे फिरतात तसा. माह्या घासलेल्या नाण्यात असा उजेड नाई फिरत, सगळीकडून एकदमच चमकते. अन् काळ्यावर राणीचे केस तर एकेक दिसून राह्यले.

आज ऊर्जानगरले जाऊन भाऊजीले विचारलं. ते म्हणाले, तेल. जुनं तेल बसलं का असं दिसतं. मी म्हटलं, केस पण दिसून राह्यले. ते म्हणाले, जळलं का उठून दिसतं. मग फळीवरचा डबा उघडला, दोन्ही नाणी कापसात ठेवली, झाकण लावलं. भंगार कापसात काऊन ठेवता विचारणार होती, पण त्यांना ड्युटीवर जायचं होतं.

ताईच्या हातात नवीन पाटल्या आहेत. बांगडीवाली मी, हात पहिले पाहते. ताई म्हणाली फंड निघाला ह्यांचा. नोकरीचं अजून वर्ष बाकी आहे, आधीच फंड निघते का मले माहीत नाई. निघत असन.

८ मार्च

सोनीबाईनं आज डिंकाच्या टोपल्यातून एक तुंबा काढला. सुकलेला दुधीभोपळा असते तो, पाण्यासाठी ठेवतात. तिच्या मायच्या घरी हा चुलीवरच्या आढ्याले टांगलेला होता, तोंड मेणानं बंद. माय गेली तर हिच्या वाट्याले आला. हिच्या आज्यानं इंग्रजाच्या वेळी सागवान तोडलं, त्याची मजुरी. आजा म्हणे, कागदावर भरवसा नाई अन् दुकानदारावर तर बिलकुल नाई. खर्चलेच नाई त्यानं.

आत चिंधीत बांधलेले नऊ कलदार. सगळे काळे.

तिची नात स्वाती बारावी झाली, नर्सिंगले गडचिरोलीले जायचं म्हणते. पोरगी हुशार आहे. सोनी म्हणाली, "दुकानात नाई जात मी. ते काय पाहतात मले दिसत नाई. तुले कळते. तू म्हणशीन ते."

मी म्हटलं, काळे आहे म्हून वाईट वाटून राह्यलं, पण माह्या भाऊजीले दाखवते. माहं म्हणजे माह्या घरचंच काम समज. एक नाणं इकडचं तिकडं होणार नाई.

१२ मार्च

ऊर्जानगरले गेली. भाऊजीनं चिंधी सोडली. पंखा बंद केला. खिडकीचा पडदा लावला, मग पुन्हा उघडला. मले विचारलं, कुठून आणले? मी सारं सांगतलं, तुंबा, मेण, चूल, आजा. त्यांनी तीन वेळा विचारलं, तिनं घासले नाहीत ना कधी? मी म्हटलं, घासले असते तर काळे कसे राह्यले असते?

मग म्हणाले, धुरात ठेवून बाईनं सत्यानाश केला. नवही जळके. मी म्हटलं, थोडा तरी भाव करा, पोरीच्या शिक्षणाचं आहे. ते म्हणाले, तुझ्यासाठी म्हणून चांदीच्या भावानं घेतो, थोडी घट धरून. दुसरा कोणी तेवढेही देणार नाही.

ताई दारात उभी होती. काहीतरी म्हणणार असं वाटलं. भाऊजी म्हणाले, चहा ठेव. तिनं ठेवला.

१५ मार्च

सोनीबाईले पैसे दिले. तिनं मोजले नाई, कमरेच्या पिशवीत टाकले. मले तिचं वाईट वाटलं, अन् वाईट वाटलं का मले राग येते, हे माहं जुनं आहे. मी म्हटलं, धुरात काऊन टांगले तुमच्या लोकांनं? नाणं टांगायची वस्तू आहे का? जाळून टाकली ना चांदी. आजूबाजूच्या बाया ऐकून राह्यल्या होत्या.

सोनी म्हणाली, आम्हाले काय माहीत. मग तिनं डिंक झाकला अन् दुपारीच निघून गेली.

६ एप्रिल

ताईचा फोन आला. स्वतःहून ती वर्षात दोनदा करते. इकडचं तिकडचं बोलली, ऊन किती आहे, पाणी येते का. मग एकदम म्हणे, "नूतन, काळे आणत जाऊ नको इकडे. चकचकीतच आण." मी म्हटलं, काऊन? तुह्या घरात जागा नाई का? ती म्हणे, नाई आणू म्हटलं तर नाई आणू. मी म्हटलं, भाऊजी घेतात मोठ्या मनानं, तुले त्याचंही दुखते. तिनं फोन ठेवला.

नवऱ्याचं चांगुलपण बायकोले दिसत नाई.

११ मे

सगळं लिहीन. आज नाई लिहिलं तर उद्या मलेच वाटन का मी वाढवून सांगून राह्यली.

बांगड्याचा माल भराले चंद्रपूरले गेली होती. बसस्टँडच्या बाहेर कापडी बोर्ड, जुनी नाणी अन् नोटा, प्रदर्शन व विक्री. एका मंगल कार्यालयात होतं. वाटलं, भाऊजीले माहीत नसन, पाहून घेऊ अन् संध्याकाळी सांगू, खूश होतील. माही चकचकीत नाणी पिशवीतच होती, ती मी सोडून नाई जात कुठी.

आत टेबलंच टेबलं. एक नागपूरचा माणूस होता, जाड चष्मा. त्याच्यापुढं मी कापड पसरलं. तो काही म्हणायच्या आधी मीच सांगतलं, हा भरीव, हा चालता, हे तीन गुळगुळीत, अन् हा कोऱ्याच्या जवळ आहे, गालावर थोडंसं. त्यानं भिंग लावून पाह्यलं अन् माह्याकडे पाह्यलं. म्हणाला, बाई, झीज बरोबर ओळखली तुम्ही. माह्या पोराले चार वर्षांत नाई आलं हे. कोणी शिकवलं? मी म्हटलं, माह्या भाऊजीनं. छाती फुगली माही, खोटं कशाले लिहू.

मग तो म्हणाला, पण घासले काऊन?

मी म्हटलं, स्वच्छ केले.

तो म्हणाला, हे स्वच्छ नाई, हे सोललेले आहे. भिंगातून दाखवलं त्यानं. साऱ्या नाण्यावर बारीक बारीक ओरखडे, एकाच दिशेनं, माहा हात जसा फिरते तसे. राखेचे. नाण्याची वरची साल गेली का गेली, म्हणे. हे आता चांदीच्या भावाचे.

मी म्हटलं, मग काळे ठेवायचे का?

तो हसला. काचेच्या खालून एक तबक काढलं. काळे, निळे, जांभळे, प्रत्येक एकेका डबीत. त्यानं एक डबी तिरपी केली. काळ्याच्या खालून उजेड फिरला, चाकासारखा. तेल नव्हतं ते. म्हणाला, काळं म्हणजे मैल नाई बाई. चांदीचंच पांघरूण आहे ते, खाली अंग तसंच्या तसं राहते. शौकीन लोक ह्याच्यासाठीच येतात. हे पाहा, धुरातले आहेत. जंगलातल्या कोण्या बुढ्यानं तुंब्यात भरून चुलीवर टांगले होते म्हणे. माणसाचं बोट नाई लागलं यांना.

मी विचारलं, कुठून भेटले?

"ऊर्जानगरचे एक साहेब आहेत, ते देतात. त्यांची एक बाई फिरते म्हणे बाजारात. काळे तेवढे साहेबाले आणून देते अन् चकचकीत स्वतः सांभाळते." तो चष्मा पुसून राह्यला होता. "बाईले काही समजत नाई म्हून बरं आहे. नाईतर साहेबाचं दुकान बंद."

मी म्हटलं, हो, बरं आहे.

एका डबीचा भाव विचारला. त्यानं सांगतला. तो मी इथी लिहीत नाई.

कापड गुंडाळलं. बाहेर आल्यावर समजलं का बांगड्याचा माल भरायचाच राह्यला.

१२ मे

आज काही नाई. सैपाक केला, खाल्ला नाई.

दिवाळीचं हसणं आठवून राह्यलं. माहे कलदार हातात घेऊन भाऊजी ताईकडे पाहून हसले होते. मले वाटलं कौतुक आहे.

१४ मे

ऊर्जानगरले जाऊन आली. भाऊजी ड्युटीवर होते. ताईनं विचारलं, चहा ठेवू? मी म्हटलं, ठेवू नको. तिनं माह्या तोंडाकडे पाह्यलं अन् ती पण खाली बसली. मग म्हणाली, समजलं का? मी म्हटलं, हो. बस. एवढंच.

म्हणजे तिले माहीत होतं. मी इतका रस्ता हेच मनात घेऊन आली होती का ताईले माहीत नसन.

भाऊजी आले. बॅग ठेवली. मी म्हटलं, सोनीबाईचे कलदार द्या. ते म्हणाले, कोणी काय भरवलं तुला? मी म्हटलं, नागपूरवाल्यानं भरवलं, तुमच्याच तोंडचं. मग त्यांनी लपवालपवी केली नाई. आरामात बसले, मोजे काढले.

म्हणाले, नूतन, झीज शिकवली की नाही तुला? खोटी शिकवली का? धंद्यात एखादी गोष्ट माणूस स्वतःपाशी ठेवतो.

मी म्हटलं, "ठेवली असती तं मी काही म्हटलं नसतं. तुम्ही उलटी करून शिकवली."

ते म्हणाले, तुझा तोटा कुठे झाला? मी दरवेळी चांदीचा भाव दिला. अन् मी त्या बाईला पाहिलं पण नाही कधी. तिला जळके म्हणायला मी गेलो होतो का? तूच म्हणालीस.

बाजारात सारे म्हणतात, नूतनबाईच्या तोंडाले लागू नका. पण हे खरं होतं. त्या बाईच्या तोंडासमोर, चार बायांच्या पुढं, ते मी म्हटलं होतं.

मी म्हटलं, जे असन ते द्या. ते म्हणाले, विकले. सगळे गेले. तेव्हा ताई उठली, आत गेली, फळीवरचा डबा उघडायचा आवाज आला. हातात तीन घेऊन आली. भाऊजी म्हणाले, धुरपता, ठेव ते. तिनं ठेवले नाई. माह्या हातात दिले. पाटल्या वाजल्या तिच्या. भाऊजी टीव्ही लावून बसले, जसं काही आमचं दोघी बहिणीचं साडीवरून भांडण आहे.

ती फाटकापर्यंत आली. म्हणाली, मी सांगतलं होतं तुले फोनवर, काळे आणू नको म्हून.

मी म्हटलं, हे सांगणं होय? सरळ काऊन नाई सांगतलं?

"सरळ सांगतलं असतं तं तू तिथूनच गाडीत बसली असती भांडाले. भांडून तू अहेरीले गेली असती. मले इथीच राहायचं होतं."

मी म्हटलं, अन् मले कुठी राहायचं होतं? दर बाजाराले मी कोणाच्या बाजूले बसते, तुले माहीत आहे?

ती रडाले लागली. मी समजूत घातली नाई. ऑटो आला, मी बसली. भाऊजी परका माणूस आहे, लग्नानं आलेला. त्याच्यावर मी थुंकून टाकीन. पण आम्ही एका टोपलीत मोह वेचला आहे, ती पुढं अन् मी मागं. तिनं माह्यासमोर चहा ठेवला, नऊ कलदार नेले त्या दिवशी.

१७ मे

सोनीबाई बाजारात आली नाई. तेंदूपत्त्याचे दिवस आहेत, पूर्ण टोला पानावरच असते. मी दुकान घराशेजारच्या पोरीच्या भरवशावर सोडलं अन् तिच्या गावाले गेली. जीपनं अर्धं, बाकी पायी.

अंगणात बसून ती पुडे बांधत होती. पानावर पान, सत्तर झाले का दोरी. जोहार झाला. मी बसली अन् एका दमात सांगतलं. काळे वाईट नव्हते, चांगले होते, सगळ्यात चांगले. माह्या भाऊजीनं मले फसवलं अन् मी तुले. तीन परत आणले, सहा गेले, ते नाई येत. मी माहे कलदार, सासूचे, सोबत आणले होते. तेही पुढं ठेवले. म्हटलं, हे घे.

तिनं पानं मोजणं थांबवलं नाई. पुडा पूर्ण झाला, बांधला, बाजूले ठेवला. मग म्हणाली, तुहे मी काय करू? ते सरकवले माह्याकडे. तिचे तीन तेवढे उचलले.

मी म्हटलं, हे तीन नागपूरवाल्याकडे मी स्वतः घेऊन जाते. आता मले सगळं माहीत आहे. सहाची कसर निघन ह्याच्यात थोडी.

ती म्हणाली, "तेव्हा पण तुले सगळं माहीत होतं."

स्वाती आतून पाणी घेऊन आली. पोरीनं मले पाणी दिलं अन् आजीकडे पाह्यलं, द्यायचं होतं का नाई असं. मी पिऊन घेतलं.

निघाली तेव्हा सोनी मागून म्हणाली, "तू मले धुरासाठी बोलली, नूतनबाई. माह्या मायसाठी बोलली. पैशाचं मी विसरून जाईन." तिनं आवाज चढवला नाई. चढवला असता तं मी पण भांडली असती, मले ते जमते.

२४ मे

आज आली ती बाजाराले. माह्या बाजूले नाई बसली. मिरचीवाल्याच्या पलीकडे टोपलं ठेवलं. तिथी ऊन येते, तरी तिथीच.

दुपारी स्वातीले घेऊन सोनाराच्या दुकानाकडे गेली. मी पाह्यलं अन् बांगड्या तशाच उघड्या टाकून मागं गेली. मले वाटलं विकाले चालली, अन् तो सोनार चांदीच्या भावानं घेऊन वितळवून टाकीन. धापा टाकत पोचली तर तीन कलदार सोनाराच्या पाटावर, अन् तो बारीक गिरमिट पुसून राह्यला होता.

स्वातीच्या गळ्यात घालायचे म्हणे. भोक पाडून, काळ्या दोऱ्यात.

मी म्हटलं, सोनी, ऐक माहं. हे घासू तर नकोच, पण भोक तर त्याहून वाईट. एकदा भोक पडलं का नागपूरचा माणूस हात नाई लावणार. कोणीच नाई लावणार. पोरीच्या शिक्षणाच्या कामी येतील हे.

ती म्हणाली, "तेच पाह्यजे मले. कोणी हात लावू नये."

मी म्हटलं, अन् गडचिरोलीचं? ती म्हणाली, पानाचे पैसे येतील, डिंकाचे आहेत, नाई पुरले तं पोरगी पुढच्या वर्षी जाईन. आज्यानं थांबवलं होतं, आपण पण थांबू. स्वाती खाली पाहून राह्यली होती. पोरीले पुढच्या वर्षी जायचं नव्हतं, हे दिसत होतं.

मी सोनाराले म्हटलं, थांबा जरा. तो म्हणाला, बाई, माल कोणाचा आहे? मी म्हटलं, तिचा. मग थांबू कशाले, म्हणे. बरोबरच होतं.

त्यानं पहिला कलदार चिमट्यात धरला. राणी छाप. दारातून ऊन येत होतं, तर त्याच्यावर उजेड फिरला, एक पूर्ण चक्कर. केसाची एकेक बट. गालावर काहीच झीज नाई. कोरा. वर्षभर मी बाजारात भिंग घेऊन बसली असती तरी असा दिसला नसता, अन् हा दोनदा माह्या हातातून गेला.

सोनारानं विचारलं, भोक कुठी पाडू? मुकुटाच्या वर जागा कमी आहे. बाजूनं घेऊ का?

सोनीबाईनं माह्याकडे बोट केलं. "हिले विचारा. हिले नाणं कळते."

ती टोमणा मारून राह्यली होती का खरंच विचारून राह्यली होती, मले समजलं नाई. तिच्या तोंडावरून काही दिसे ना. सोनार थांबला, स्वाती थांबली. सारे माह्याकडे पाहत होते.

मी वाकली. नाणं कडेनं धरलं. मुकुटाच्या वर, कडेच्या अन् मण्याच्या मधात, मसुराच्या दाण्याएवढी जागा होती. तिथी पाडलं तर राणीचा एक केसही जाणार नव्हता.

मी तिथी नख ठेवलं. म्हटलं, इथी पाडा.